साधं किंडल की पेपरव्हाइट? दुकानाच्या काउंटरवरून दोन ई-रीडरची तुलना



मागच्या बॅचला बदनापूरकडच्या एक ताई होत्या. घरगुती मसाल्यांचं काम, पहिल्याच सीझनला खर्च जाऊन पंधरा हजार हातात उरलेले. क्लास सुटल्यावर थांबल्या आणि म्हणाल्या, "सर, तुम्ही प्रत्येक व्हिडिओत वाचा, वाचा म्हणता. मग सांगा, किंडल कोणतं घेऊ? साधं की ते पेपरव्हाइट?"

मी लगेच मॉडेलचं नाव सांगणार होतो. तोंडापर्यंत आलंही होतं. मग डोक्यात आलं की हे पंधरा हजार म्हणजे पुढच्या सीझनची मिरची आहे. त्यांना म्हटलं, "ताई, आठ दिवस थांबा. नीट लिहूनच सांगतो." हा लेख म्हणजे तेच उत्तर. व्हिडिओत दोन्ही यंत्रं दाखवली आहेत, पण हिशोब आणि बारकावे लिहूनच बरे पडतात.

आधी मी यात कसा पडलो ते सांगतो, कारण त्यात माझं नुकसान आहे आणि तुमचं वाचू शकतं. जालना एमआयडीसीत माझं सेफ्टी मटेरियलचं दुकान आहे. हँडग्लोव्हज, सेफ्टी शूज, हेल्मेट, वेल्डिंगच्या काचा. गिऱ्हाईक म्हणजे रोलिंग मिलवाले, फॅब्रिकेशनवाले, सीड्स कंपन्यांची गोडाऊनं. काही वर्षांपूर्वी एका शूज कंपनीची डीलरशिप घेतली. करार व्हॉट्सॲपवर पीडीएफमध्ये आला, २२ पानं. काउंटरवर बसून, दोन गिऱ्हाइकांच्या मधे, फोनवर बोटांनी झूम करत तो मी "वाचला" आणि सही केली. चौदाव्या पानावर लिहिलं होतं की ९० दिवसांनंतर माल परत घेतला जाणार नाही. मी ते ओलांडून गेलो होतो. वर्षअखेरीस सहा नंबर आणि अकरा नंबरचे बूट रॅकवर तसेच पडून, एक लाख चाळीस हजारांचा माल. निम्म्याहून कमी भावात काढला. चूक कंपनीची नव्हती, कलम छापलेलं होतं. चूक माझ्या वाचण्याची होती.

त्या रागात मी साधं किंडल मागवलं. फोनवर वाचणं बंद, आता सगळं यावरच, असं ठरवून. पुढे वर्षभरात अण्णांसाठी, म्हणजे वडिलांसाठी, पेपरव्हाइट घेतलं. म्हणून दोन्ही यंत्रं रोजच्या वापरात बघायला मिळाली. एक दुकानात, एक घरी. माझ्याकडचं साधं किंडल २०२२ सालचं मॉडेल आहे आणि पेपरव्हाइट २०२१ सालचं. बाजारात येताना किंमत अनुक्रमे ९,९९९ आणि १३,९९९ रुपये होती. पेपरव्हाइटचं पुढचं मॉडेल, ७ इंची, एप्रिल २०२५ मध्ये भारतात आलं ते १६,९९९ ला. सेलमध्ये भाव वरखाली होतात, घ्यायच्या दिवशी स्वतः बघा.

दोन्हींत स्क्रीनचं तंत्र एकच, ई-इंक. स्क्रीनच्या आत अगदी सूक्ष्म कॅप्सूल असतात, त्यांत काळे आणि पांढरे कण. त्यांच्यावर उलटसुलट विद्युतभार असतो. करंट दिला की काळे वर येतात किंवा पांढरे वर येतात आणि अक्षर उमटतं. एकदा उमटलं की ते टिकवायला वीज लागत नाही, पान उलटताना तेवढी लागते. म्हणून बॅटरी आठवड्यांच्या भाषेत सांगतात. आणि उन्हात फोनचा आरसा होतो, तसं इथे होत नाही. ऊन जितकं कडक तितकं अक्षर स्वच्छ. शटरसमोर खुर्ची टाकून बसणाऱ्या माणसाला याचं मोल कळेल. दुसरी गोष्ट, यावर रील चालत नाही, व्हॉट्सॲप येत नाही. (माझे व्हिडिओही चालत नाहीत. असू दे.)

आता फरक. साधं ६ इंची, वजन १५८ ग्रॅम. पेपरव्हाइट ६.८ इंची, २०५ ग्रॅम. अक्षरांची स्पष्टता दोन्हींत सारखीच, एका इंचात ३०० ठिपके. त्यामुळे "पेपरव्हाइटमध्ये अक्षर जास्त ठळक दिसतं" असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. फरक आकाराचा, उजेडाचा, पाण्याचा आणि काचेचा आहे.

काचेचा फरक कुठल्याच रिव्ह्यूमध्ये मला नीट सापडला नाही, पण आपल्या एमआयडीसीत तोच पहिला. साध्या किंडलची स्क्रीन कडेच्या चौकटीपेक्षा थोडी खोल बसवलेली आहे. त्या खोबणीत धूळ बसते. आणि आपली धूळ म्हणजे नुसती माती नाही, तिच्यात मिलची काळी पूड असते, लोखंडाचा बारीक चुरा असतो. सवयीनं शर्टाच्या बाहीनं पुसलं की कोपऱ्यात चरा उठतो. माझ्या यंत्रावर दोन चरे आहेत, दोन्ही माझ्याच बाहीचे. आता मी मऊ ब्रशनं आधी झटकतो, मग पुसतो. पेपरव्हाइटची काच कडेपर्यंत सपाट आहे, ओल्या फडक्यानं एका हातात साफ होते.

पेपरव्हाइट वॉटरप्रूफ आहे, आयपीएक्स८. म्हणजे दोन मीटर खोल गोड्या पाण्यात तासभर टिकतं. जाहिरातीत पोहण्याच्या तलावाकाठी बसलेली माणसं दिसतात. जालन्यात कोण तलावाकाठी वाचतंय! उन्हाळ्यात प्यायच्या टँकरची वाट बघणारं गाव आपलं. पण यातला एक्स बघा. या रेटिंगमध्ये पहिला आकडा धुळीचा असतो आणि दुसरा पाण्याचा. एक्स म्हणजे धुळीचं रेटिंग दिलेलं नाही. सेफ्टीच्या धंद्यात हे आकडे मी रोज गिऱ्हाइकाला समजावतो, तरी स्वतःच्या खरेदीत उशिराच लक्षात आलं. तुमचं काम पाण्याशी असेल, लोणची, डेअरी, लाँड्री, तर वॉटरप्रूफचे पैसे वसूल आहेत. माझं नाही.

ऊन चालतं म्हटलं, पण उष्णता नाही. कंपनी ३५ अंशांपर्यंत वापरायला सांगते. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पत्र्याच्या शेडखाली किती होतं ते तुम्हीच जाणता. दुपारी बारा ते चार माझं किंडल गल्ल्याच्या ड्रॉवरमध्ये असतं. गाडीच्या डॅशबोर्डवर तर कधीच ठेवू नका.

बॅटरीचा हिशोब

साध्याला सहा आठवडे, पेपरव्हाइटला दहा आठवडे, असं कंपनी सांगते. खाली बारीक अक्षरात अट असते: रोज अर्धा तास वाचन, वायफाय बंद, उजेड मध्यम. म्हणजे तास किती झाले? सहा आठवड्यांचे ४२ दिवस, दिवसाला अर्धा, एकूण २१ तास. पेपरव्हाइटचे ७० दिवसांचे ३५ तास. तुम्ही रोज दीड तास वाचलं तर साधं १४ दिवस जाईल आणि पेपरव्हाइट २३ दिवस. दोन्हींचं चार्जिंग टाइप सी आहे, फोनचीच वायर लागते. मग १४ काय आणि २३ काय? या फरकासाठी चार हजार मोजायचे नाहीत. मशिनरी विकणारा जेव्हा तुम्हाला "दिवसाला इतकं उत्पादन" सांगतो, तेव्हाही असाच प्रश्न विचारा: किती तासांच्या दिवसाला, कोणत्या अटीवर?

मराठी वाचताना

आपल्यापैकी बहुतेकांना मराठीच वाचायचं आहे, त्यामुळे इथे जरा थांबू. किंडलवर मराठी पुस्तकं अधिकृतपणे आली ती डिसेंबर २०१६ मध्ये, हिंदी, गुजराती, तमिळ, मल्याळमसोबत. अक्षरं नीट दिसतात, जोडाक्षरं तुटत नाहीत. पण मराठी शब्द लांब असतात. "व्यवस्थापनाबद्दलच्या" हा एकच शब्द बघा. ६ इंची स्क्रीनवर अक्षर मोठं केलं की ओळीत तीन-चार शब्द बसतात, आणि दोन्ही कडा सरळ ठेवण्याच्या नादात मधे खड्डे पडतात. उपाय सोपा आहे. सेटिंगमध्ये जाऊन ओळी डावीकडून लावा, उजवी कड मोकळी सोडा. हे केल्यावर साधं किंडल मला एकदम वेगळंच वाटलं.

अण्णांच्या बाबतीत मात्र ते पुरलं नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, अक्षर बरंच मोठं लागतं. आधी माझंच यंत्र त्यांना दिलं होतं. दोन दिवसांनी परत केलं. म्हणाले, "अरे, वाचायला बसलो की पान उलटण्यातच वेळ जातो. आणि तो पांढरा उजेड नको वाटतो रात्री." इथे पेपरव्हाइट खरंच कामाला आलं. त्याच्या स्क्रीनचं क्षेत्रफळ साध्यापेक्षा सुमारे २८ टक्के जास्त आहे, आणि उजेड पिवळसर करता येतो. साध्यात उजेड कमी-जास्त होतो, रंग बदलत नाही. अण्णा आता रात्री जेवण झाल्यावर तासभर वाचतात. परवा शंतनुराव किर्लोस्करांच्या 'जेटयुगातील मराठी माणूस'वरून मला अर्धा तास ऐकवलं. ते पुस्तक त्यांनी जुनं छापील वाचलेलं आहे, किंडलवर नाही, आणि इथेच पुढचा मुद्दा येतो.

तुम्हाला हवी असलेली पुस्तकं या यंत्रावर मिळतात का? सगळी मिळत नाहीत. मराठीत बरीच ई-पुस्तकं बुकगंगासारख्या ठिकाणी आहेत आणि ती त्यांच्याच ॲपमध्ये उघडतात, किंडलमध्ये नाही. ई साहित्य प्रतिष्ठानची मोफत पुस्तकं पीडीएफमध्ये येतात. काही पुस्तकं अजून फक्त कागदावर आहेत. म्हणून यंत्राची ऑर्डर टाकण्याआधी एका कागदावर तुमच्या दहा पुस्तकांची नावं लिहा आणि एकेक शोधा. दहापैकी सहा किंडलवर असतील तर पुढे जा. तीनच असतील तर ते पैसे सरळ पुस्तकांच्या दुकानात द्या. छापील पुस्तकावर जीएसटीही नाही. आणि वाचून झालं की ते कामगाराला देता येतं. किंडलचं पुस्तक तसं देता येत नाही; आपण पुस्तक नाही, वाचायचा परवाना विकत घेतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये ॲमेझॉननं वेबसाइटवरून पुस्तक कॉम्प्युटरवर उतरवून वायरनं यंत्रात टाकण्याची सोयही बंद केली. मी क्लासच्या खोलीत कागदी पुस्तकांचा एक रॅक ठेवला आहे तो यामुळेच.

कारखानदारी आणि वाचन यांचं मराठीत नातं नवं नाही, बरं का. १९२० साली किर्लोस्करवाडीहून शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' काढली ती कारखान्याची पत्रिका म्हणूनच. तिचंच पुढे 'किर्लोस्कर' मासिक झालं. नांगर विकणाऱ्या घराण्यानं गिऱ्हाइकाला वाचायला दिलं, हे मला फार भारी वाटतं.

पीडीएफचं काय?

आता माझा सगळ्यात मोठा गैरसमज. मी किंडल घेतलं होतं करार, जीआर, योजनांची माहिती, बँकेची कागदपत्रं वाचायला. हे सगळं ए४ आकाराच्या पीडीएफमध्ये असतं. ६ इंची स्क्रीन ए४ कागदाच्या एक-पंचमांशाहून लहान आहे. पूर्ण पान बसवलं की १२ पॉइंटचं अक्षर जेमतेम ५ पॉइंटचं होतं. पेपरव्हाइटवर साडेपाच. म्हणजे चार हजार जास्त देऊन अर्धा पॉइंट! यंत्र आडवं करून वाचता येतं, पण मग एक पान तीन तुकड्यांत येतं, आणि पीएमईजीपीच्या सबसिडीसारखा तक्ता असला की डावीकडचा रकाना विसरून उजवीकडचा वाचायचा.

पीडीएफ ईमेलनं किंडलला पाठवताना विषयाच्या जागी इंग्रजीत "कन्व्हर्ट" लिहिलं की मजकूर मोकळा करून मिळतो. इंग्रजीत बरं जमतं. मराठीत माझा अनुभव वाईट. जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये केलेली पीडीएफ असेल तर समोर नुसता कचरा येतो, कारण आत खरी मराठी अक्षरं नसतातच, इंग्रजी अक्षरांवर मराठी मुखवटे असतात. याउलट, युनिकोड मराठीत टाइप केलेली वर्ड फाइल पाठवली तर सुंदर दिसते, अक्षर लहान-मोठंही होतं. म्हणून क्लासच्या नोट्स मी आता वर्ड फाइलमध्येही देतो.

करारासाठी काय करतो? प्रिंट काढतो. आमच्या चौकात पानाला दोन रुपये. २२ पानांचे ४४ रुपये. पेन्सिल हातात घेऊन, काउंटरवर नाही, घरी बसून वाचतो. एक लाख चाळीस हजारांच्या मालावर जे गेलं ते या ४४ रुपयांत वाचलं असतं, आणि किंडल असतं तरी वाचलं नसतं. हे मान्य करायला मला वर्ष लागलं.

दोन यंत्रं एका घरात असतील तर एक गंमत सांगतो. आमची दोन्ही एकाच खात्यावर आहेत. त्यामुळे एकदा घेतलेलं पुस्तक दोघांना वाचता येतं, पैसे वाचतात. पण अण्णा पान १८० वर आणि मी ४० वर. मी दुकानात उघडलं की ते विचारणार, सगळ्यात पुढच्या पानावर जाऊ का? घाईत "हो" दाबलं की शेवट कळला. ही जुळवणी सेटिंगमधून बंद करता येते. आणि सेकंडहँड घेणार असाल तर विकणाऱ्याला त्याचं खातं तुमच्यासमोर काढायला लावा, मगच पैसे द्या.

कोबो कसं आहे, असंही काहींनी विचारलं होतं. ते कॅनडातलं, त्यात ईपब फाइल थेट उघडते हे त्याचं बलस्थान. पण मी ते रोज वापरलेलं नाही, त्यामुळे तुलना करत नाही. बाहेरून मागवणार असाल तर बिघडल्यावर कुणाकडे जायचं, तेवढं आधी विचारून ठेवा.

मग पैशांचा हिशोब

आपल्या धंद्यात वस्तूची किंमत रुपयांत नाही, विक्रीत मोजायची. माझं मार्जिन सरासरी १२ टक्के धरा. ९,९९९ चं यंत्र फुकट पडायला मला सुमारे ८३,००० ची विक्री करावी लागते. १३,९९९ च्या यंत्राला सुमारे १,१६,००० ची. मधला फरक ३३,००० च्या विक्रीचा. मोठ्या अक्षरासाठी आणि पिवळ्या उजेडासाठी अण्णांकरता मी तो आनंदानं दिला. स्वतःसाठी दिला नसता. डोळे चांगले असतील, दिवसा वाचत असाल, कथा-चरित्रं-व्यवसायाची पुस्तकं वाचत असाल, तर साधं पुरतं. चष्म्याचा नंबर मोठा असेल, रात्री वाचत असाल, किंवा हात कायम ओले असतील, तर पेपरव्हाइट. आणि वाचन म्हणजे मुख्यतः पीडीएफ असेल तर दोन्ही नको.

आणि हो, खेळत्या भांडवलातून घेऊ नका. ज्या पैशांतून पुढचा माल यायचा आहे त्याला हात लावून घेतलेलं किंडल उघडताना दर वेळी टोचतं. मी माझं पहिलं तसंच घेतलं होतं, म्हणून सांगतोय.

हे सगळं मी ताईंना फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग मी काय करू, ते सांगा ना सर." मी विचारलं, गेल्या तीन महिन्यांत काय वाचलं? दोन पुस्तकं, दोन्ही लायब्ररीतली, रात्री पोरं झोपल्यावर. बाकी फूड लायसन्सची पीडीएफ आणि भावांचे मेसेज. त्यांना म्हटलं, आधी फोनवर किंडलचं ॲप टाका, ते फुकट आहे. मराठी पुस्तकांची सॅम्पल उतरवा, ती पण फुकट. महिनाभर रोज वाचणं झालं तर या, माझं साधं यंत्र पंधरा दिवस घेऊन जा.

महिन्यानं खरंच आल्या. यंत्र घेऊन गेल्या आणि पंधराव्या दिवशी परत आणून दिलं, वर थोडी हळद लागलेली. खोबणीत गेलेली हळद ब्रशनं काढताना मला अर्धा तास लागला. त्यांचा निर्णय असा: मिरचीची खरेदी झाली, आता दिवाळीचं पेमेंट आलं की पेपरव्हाइट घेणार. रात्री वाचायचं आणि मसाल्याचे हात धुतले तरी ओले राहतात, असं त्यांचं म्हणणं. मी साधं सुचवणार होतो. पण त्यांची दोन्ही कारणं माझ्याच यादीतली निघाली, त्यामुळे गप्प बसलो.

तुम्हाला विचारायचं असेल तर नुसतं "कोणतं घेऊ" असं लिहू नका. गेल्या तीन महिन्यांत काय वाचलं, कुठे बसून आणि किती वाजता, एवढं लिहा. त्यावर मी नक्की उत्तर देईन.